जुफेरला अल्टरेशन

तळाच्या मेन गेटपासून चौथी गल्ली,
शावरमावाल्याच्या मागे.
पाटीवर 'हमदुले टेलर्स', खाली अरबीत तेच,
त्याखाली इंग्रजीत, चुकीच्या स्पेलिंगने.
गिऱ्हाईक चुकीच्याच नावाने शोधत येतं,
म्हणून दुरुस्त केलं नाही.

एकोणीस वर्षं मी अमेरिकेची मापं घेतोय.
कंबर, सीट, मांडी, मोहरी.
छातीवरच्या पट्ट्या शिवतो: लिंडक्विस्ट, ओकाफोर, थिबोडो.
उच्चार जमत नाहीत,
टाका मात्र कुणाच्या नावात चुकलेला नाही.

टीव्ही भिंतीवर, आवाज बंद.
वॉशिंग्टनमध्ये दोघे भांडतायत.
खाली अक्षरं सरकतात: पोरांना परत बोलवा,
ते आखात आपलं नव्हे.
दुसरा म्हणतो, आज निघालो
तर उद्या दुप्पट खर्चाने यावं लागेल.
मला दिसतं एवढंच, की दुसऱ्याच्या कोटाची डावी बाही
दीड सूत लांब आहे
आणि एवढ्या मोठ्या देशात
त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मग नकाशा येतो.
इराणकडून एक लाल बाण निघतो,
त्याच्या टोकाखाली आमचं बेट झाकलं जातं;
बेटासोबत गल्ली, शावरमा,
नाइट करून खोलीवर झोपलेला माझा भाचा.
चर्चा चालू राहते. बाण कुणी उचलत नाही.

एका हिवाळ्यात त्यांचं सरकारच बंद पडलं.
कुंपणावरून की विम्यावरून, काहीतरी अडलं,
सही होईना.
थिबोडो आला मान खाजवत. बॉस, पगार अडकलाय,
उद्या इन्स्पेक्शन आहे.
जगातल्या सगळ्यात मोठ्या आरमाराचं नाव
मी उधारीच्या वहीत लिहिलं.
चार दिनार, पाचशे फिल्स.
वर फिलिपिनो नर्स, खाली लाहोरचा प्लंबर.
बाणकोटला फोनवर सांगितलं तर बायको म्हणाली,
व्याज लाव मेल्यांना.

आता म्हणे त्या खात्याचं नाव बदलायचं चाललंय.
'संरक्षण' काढून 'युद्ध'.
त्यांच्या भाषेत सात अक्षरांची तीन होतात.
धागा वाचेल, शाजी म्हणाला.
मी हसलो. मग मशीनला तेल घातलं,
गरज नव्हती तरी.

ओकाफोर, चोविशीची पोर,
स्टुलावर उभी. मी मोहरी दुमडत होतो.
अंकल, तुला काय वाटतं,
आम्ही राहावं की जावं?
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
तोंडात टाचण्या होत्या,
त्या एकेक काढेपर्यंत तेवढाच वेळ मिळाला.

राहिलात तर बाण आमच्यावर.
गेलात तर या गल्लीत मोजू कुणाची कंबर?
बाणकोटच्या घराचा स्लॅब अर्धा पडलाय,
त्यातल्या सळया तुमच्याच पैशाच्या.
हे काही बोललो नाही.

म्हणालो, शिवताना आत थोडी माया ठेवतो.
बाहेरून दिसत नाही.
माणूस सुटला, वाळला, त्याचं मन फिरलं,
तर उसवून पुन्हा शिवता येतं.
रेघेवरच कापलं की मग संपलं.
मायेला तिच्या भाषेत शब्द आहे, मला येतो,
पण तो हिशेबातला वाटतो.
म्हणून दोन बोटांनी दाखवली, एवढी.
तिने मान हलवली, पैसे रोख दिले.

एक ड्रॉवर आहे, न नेलेल्या पट्ट्यांचा.
जहाज रात्रीत निघतं, सांगत नाहीत,
सांगूही नये.
थिबोडो त्यात आहे, वहीतही आहे.
मी खोडलेला नाही.

रात्री टीव्हीवर दुसरेच दोघे.
यांच्या बाह्या बरोबर होत्या.
बाण तोच.
शटर ओढलं, कुलूप लावलं,
आणि चार पावलं जाऊन परत आलो,
इस्त्री बंद केली होती की नाही ते बघायला.